वणव्याचे शास्त्र

धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यात सोनारी हे भैरवनाथाचे गाव आहे. चैत्रात येथे देवाची यात्रा भरते. त्या दिवसांत देवळाभोवती माणसांची दाटी असते. परंतु गावाबाहेर पडून या भागातील एखाद्या माळावर गेलो, तर तेथे निराळेच दृश्य दिसते. पावसाळ्यात गुडघ्याएवढे वाढलेले कुसळी, मारवेल, शेडा यांचे गवत आता पिवळे पडलेले असते. काडी नुसती वाकवली तरी कट्कन मोडते. अशा माळावर कोणी विडीचे थोटूक टाकले, किंवा शेजारच्या शेतात पेटवलेल्या उसाच्या पाचटाची एखादी ठिणगी वाऱ्याबरोबर उडून आली, की पाहता पाहता माळ पेटतो.

असा पेटलेला माळ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तो नीट न्याहाळला असेल, तर काही गोष्टी तुमच्या ध्यानात आल्या असतील. आग सर्व बाजूंना सारख्या वेगाने जात नाही. एका बाजूस ती धावते, तर दुसऱ्या बाजूस मुंगीच्या पावलांनी सरकते. बैलगाडीच्या चाकोरीशी आली की कधी थांबते, कधी ती सहज ओलांडते. रात्री मंदावते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी विझल्यासारख्या राखेतून पुन्हा डोके वर काढते. हा सारा आगीचा लहरीपणा आहे, असे आपणांस वाटते. परंतु या लहरीतही नियम असला पाहिजे, असे मानून आयुष्यभर त्याचा शोध घेणारी माणसे आहेत. ती वनशास्त्रज्ञांपैकीच असतात. पण झाड कसे वाढते यापेक्षा ते कसे जळते, याचा अभ्यास ती करतात.

हा अभ्यास कशासाठी करावयाचा, याचे उत्तर आपल्याच राज्यात घडलेल्या एका दुःखद घटनेत आहे. ८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या जंगलात वणवा लागला. तो विझविण्यासाठी वनमजूर धावून गेले. दिवसभराच्या कष्टानंतर आग आटोक्यात येत होती. तेवढ्यात वाऱ्याचा जोर वाढला, आग पुन्हा भडकली आणि काही मजूर तिच्या वेढ्यात सापडले. त्यांतील तिघे मृत्यू पावले व दोघे भाजून जखमी झाले. ही माणसे भित्री नव्हती, की आळशीही नव्हती. आग पुढच्या काही क्षणांत काय करील, एवढे मात्र त्यांना आधी कळावयास हवे होते. वणव्याच्या साऱ्या शास्त्राची धडपड या थोड्या क्षणांसाठी आहे.

चुलीत आपण घालतो त्याला आपण सरपण म्हणतो. वनशास्त्रज्ञ रानातील जळण्याजोग्या प्रत्येक वस्तूस इंधन म्हणतात. मग ते उभे गवत असो, सागाचा गळलेला पाला असो, बांबूची वाळकी काठी असो वा आडवा पडलेला ओंडका असो. अभ्यासाची सुरुवात या इंधनाच्या मोजमापाने होते. हे काम पाहणाऱ्यास फार गमतीचे वाटेल. संशोधक रानात एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी चौकट जमिनीवर ठेवतो. तिच्या आत जे काही जळण्याजोगे असेल, ते सर्व कापून, वेचून पिशवीत भरतो. बारीक काड्या वेगळ्या, जाड काटक्या वेगळ्या, पाला वेगळा, अशी त्याची वाटणी करतो आणि प्रत्येकाचे वजन करतो. मग शंभर पावले पुढे जाऊन पुन्हा चौकट मांडतो. असे तो शेकडो ठिकाणी करतो. उन्हात, काट्याकुट्यांत, महिनोन् महिने. अग्निशास्त्रज्ञाचे आयुष्य ज्वाळांशी झुंजण्यात जाते अशी आपली समजूत असते; वस्तुतः त्यातील फार मोठा भाग तराजूपुढे बसण्यात जातो.

वजन करून झाले की ते इंधन भट्टीत, सुमारे १०५ अंश उष्णतेवर, चोवीस तास वाळवतात आणि पुन्हा वजन करतात. वजनात जेवढी घट येते, तेवढे त्यात पाणी होते. समजा, आणलेले गवत १५० ग्रॅम होते आणि वाळल्यावर ते १२० ग्रॅम भरले. म्हणजे ३० ग्रॅम पाणी उडून गेले. ही टक्केवारी वाळलेल्या वजनाच्या प्रमाणात काढावयाची असते. म्हणून १२० ला ३०, म्हणजे ओलावा २५ टक्के झाला. एवढा ओलावा असलेले वाळके गवत सहसा नीट पेट घेत नाही. भर उन्हाळ्यातल्या दुपारी हाच ओलावा चार-पाच टक्क्यांपर्यंत उतरतो, आणि मग एक ठिणगी पुरे होते. उलट, श्रावणातील हिरव्या गवतात ही टक्केवारी १०० च्याही पुढे जाते; म्हणजे त्यात गवतापेक्षा पाण्याचेच वजन अधिक असते!

हे तुम्हांला घरीही पाहता येईल. पहाटे दवात भिजलेले थोडे वाळके गवत आणून दुकानातील काट्यावर तोला, दिवसभर उन्हात पसरा आणि तिन्हीसांजेपूर्वी पुन्हा तोला. उन्हाने सगळे पाणी जात नाही, म्हणूनच शास्त्रज्ञांना भट्टी लागते. तरीपण काही तासांत केवढा फरक पडतो, हे तुम्हांस दिसेल. प्रयोग तोलण्यापुरताच आहे, गवत पेटवून पाहावयाचे नाही.

सर्वच इंधन सारख्या वेगाने वाळत नाही. गवताची काडी किंवा पेन्सिलीहून बारीक काटकी भोवतालच्या कोरड्या हवेशी तासाभरात जुळवून घेते. बोटाएवढ्या जाडीच्या काटकीस सुमारे दहा तास लागतात, मनगटाएवढ्या फांदीस शंभर तास, आणि मोठ्या ओंडक्यास हजार तास, म्हणजे चाळीसहून अधिक दिवस. म्हणून शास्त्रज्ञांनी इंधनाला नावेच अशी दिली आहेत : एकतासी, दहातासी, शततासी आणि सहस्रतासी. सकाळी पाऊस पडून गेला तरी दुपारी माळ पेटू शकतो, कारण माळावर सारे इंधन एकतासी असते. जंगलातील ओंडके मात्र दोन महिने पाऊस नसेल तेव्हाच मनापासून पेटतात. आणि एकदा पेटले की विझविणाऱ्यांना कित्येक दिवस दम काढू देत नाहीत.

इंधनाच्या जोडीला वारा आणि उतार येतात. वारा ज्वाळेस पुढे झुकवतो. त्यामुळे पुढचे गवत पेटण्याच्या आधीच भाजून निघते. डोंगराच्या चढावरही हेच होते. ज्वाळा सरळ उभी असली तरी चढाची जमीनच तिच्या जवळ आलेली असते. ऑस्ट्रेलियातील ॲलन मॅकआर्थर या वनशास्त्रज्ञाने पुष्कळ आगी मोजून असा ठोकताळा बसविला, की चढ दहा अंशांनी वाढला म्हणजे आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो. माणसाचे याच्या अगदी उलट असते. चढ लागला की त्याची पावले जड होतात. आग मागे लागली असता डोंगर चढत पळणे किती धोक्याचे, हे यावरून दिसेल.

ही गोष्ट जगाला फार मोठी किंमत देऊन कळली. ५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतील मोंटाना राज्यात मॅन गल्च नावाच्या दरीत वणवा लागला होता. तो विझविण्यासाठी विमानातून हवाई छत्रीने उतरणारे पंधरा जवान तेथे पाठविण्यात आले, आणि आगीशी झगडत असलेला एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. झाडोऱ्यातील आग दरीच्या तोंडाशी येऊन वाळक्या गवतात शिरली. वारा खालून वर वाहत होता आणि उतार खडा होता. सोळाही जण जीव घेऊन वर धावू लागले. त्यांचा नायक वॅग डॉज याने पाहिले, की आता पळून सुटका नाही. त्याने एक चमत्कारिक गोष्ट केली. काडी ओढून त्याने समोरचेच गवत पेटविले. ते भरभर जळून गेले, आणि त्या जळून गेलेल्या जागेतील राखेत तो तोंड खाली करून पालथा पडला. इतरांनाही त्याने हाका मारल्या. परंतु नायकास वेड लागले असेच त्यांना वाटले असावे. कोणी थांबले नाही. मोठी आग आली, आणि राखेत जळण्याजोगे काहीच नसल्यामुळे ती डॉजच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. आणखी दोघे वरच्या खडकांतील फटीतून निसटून वाचले. बाकीचे तेरा जण मृत्यू पावले.

अमेरिकेत त्या वेळी हॅरी गिस्बोर्न नावाचे एक वनसंशोधक होते. १९२२ पासून ते केवळ वणव्याचाच अभ्यास करीत आले होते. त्यांच्या आधी हे काम कोणी पूर्ण वेळ हाती घेतलेले नव्हते, असे म्हटले जाते. रानात लाकडाच्या ठराविक मापाच्या दांड्या उघड्यावर ठेवावयाच्या आणि त्या रोज तोलून रान किती वाळले ते ठरवावयाचे, हा साधा उपाय त्यांनी प्रचारात आणला. पुढे १९३० नंतरच्या काळात त्यांनी ओलावा, वारा इत्यादी गोष्टी एकत्र मांडून दिवसाचा धोका सांगणारे, खिशात मावेल असे पुठ्ठ्याचे एक साधन तयार केले. छायाचित्रकार उजेड मोजण्यासाठी तसलेच पुठ्ठ्याचे साधन वापरीत. त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. मॅन गल्चची आग त्या दिवशी अशी का वागली, याविषयी गिस्बोर्न यांचे एक अनुमान होते. ते खरे की खोटे, हे जागेवर जाऊन पाहावयाचे त्यांनी ठरविले. त्यांना हृदयविकार होता. तरीही नोव्हेंबर १९४९ मध्ये ते थांबत थांबत ती दरी चढून गेले, खुणा तपासल्या, आपले अनुमान तेथे जुळत नाही असे त्यांना आढळले, आणि परत उतरत असताना वाटेतच त्यांचा अंत झाला.

त्यांचे अपुरे राहिलेले गणित दुसऱ्यांनी पुढे नेले. १९६० साली मोंटानातीलच मिझूला गावी वणव्याची प्रयोगशाळा सुरू झाली. तेथे रिचर्ड रोदरमेल या अभियंत्याने बंद बोगद्यात कृत्रिम वारा सोडून, मोजून अंथरलेले इंधन पेटवून, आगीचा वेग शेकडो वेळा मोजला. त्याचे मूळचे शिक्षण विमानविद्येचे होते. १९७२ मध्ये त्याने जी समीकरणे प्रसिद्ध केली, ती आजही जगभर वापरली जातात. इंधन किती, किती बारीक, किती ओले. वारा किती, उतार किती. एवढे सांगितले की आग मिनिटास किती अंतर जाईल, हे त्यावरून काढता येते. १९९३ साली त्याच रोदरमेलने मॅन गल्चच्या शर्यतीचे गणित मांडले. माणसे कोठे होती, आग कोठे होती, प्रत्येक मिनिटास काय झाले असेल, हे त्याने पावलापावलाने दाखविले. ती शर्यत कोणालाही जिंकता आली नसती, असा त्याचा निष्कर्ष होता.

आपल्या देशात या विषयाचा आरंभ याहून पुष्कळ आधी झाला. १८६० नंतरच्या दशकात मध्य प्रांताचे वनाधिकारी पिअरसन यांनी सातपुड्यातील बोरीचे जंगल आगीपासून वाचविण्याचा प्रयोग हाती घेतला. दरसाल वणवा लागणे हा रानाचा धर्मच आहे, अशी तोवर समजूत होती. पिअरसन यांनी उन्हाळ्यापूर्वीच जंगलाभोवतीच्या गवताचे पट्टे जाळून टाकले, आणि आतल्या रानात रोपे तग धरू लागली. या यशामुळे देशभर वणवाबंदीचे धोरण पसरले.

परंतु निसर्गाचा जमाखर्च एवढा सरळ नसतो. ब्रह्मदेशातील सागाच्या जंगलांत आग अगदी बंद केल्यावर काही वर्षांनी असे दिसू लागले, की सागाची नवी रोपे येईनाशी झाली आहेत. बांबू व इतर सावलीची झाडे माजली, आणि उन्हाची भूक असलेले सागाचे रोप त्यांच्याखाली गुदमरू लागले. १८९६ साली स्लेड नावाच्या वनाधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’ या मासिकात लेख लिहून, वणव्यापासून जंगलाचे हे रक्षण अति होत आहे, असे स्पष्ट म्हटले. सरकारी धोरणाविरुद्ध सरकारी नोकराने असे छापून लिहिणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. वाद पुष्कळ वर्षे चालला आणि अखेर तेथील कित्येक जंगलांतून कायमची वणवाबंदी उठविण्यात आली.

मग आग चांगली की वाईट? एका शब्दात उत्तर द्यावयाचे तर, कोणत्या रानात, कोणत्या महिन्यात आणि किती वर्षांनी, हे विचारल्यावाचून सांगता येत नाही. आपल्याकडे माळ जाळला म्हणजे पावसाळ्यात गवत चांगले येते, असे अनेक जण मानतात. जुने वाळके गवत नाहीसे झाल्यामुळे नवे कोंब लवकर व हिरवेगार दिसतात, हे खरे आहे. परंतु दरसाल माळ जाळला तर जमिनीत मिसळणारा पालापाचोळा उरत नाही आणि वळवाच्या पहिल्या सरीबरोबर उघडी माती वाहून जाते. शिवाय चंडोल, माळटिटवी यांसारखे पक्षी जमिनीवरच घरटे करतात. त्यांच्या अंड्यांना पळता येत नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळरानावर, माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य घोषित झाले. तसल्या रानात चैत्र-वैशाखातील वणवा म्हणजे एका पिढीची हानी होय. थंडीत, गवतात थोडा ओलावा असताना, पाळत ठेवून जाळलेला अरुंद पट्टा ही गोष्ट निराळी. त्यालाच वनखात्यात जाळरेषा म्हणतात. मोठी आग त्या पट्ट्याशी आली की तिला खावयास काही मिळत नाही. डॉजने प्राण वाचविण्यासाठी क्षणात जे केले, तेच येथे महिनाभर आधी सावकाश केले जाते.

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. विदर्भात याच दिवसांत मोहाची फुले गळतात. ती वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देण्याची पद्धत आहे, आणि ती आग कधी कधी रानात शिरते. केवळ दंडाची भीती घालून हे थांबत नाही, कारण फुले वेचणाऱ्याचे पोट त्यांवर असते. झाडाखाली जाळी अंथरली तर पाला न जाळताही फुले मिळतात. माझ्या मते या शास्त्रातील अशा साध्या युक्त्यांची योग्यता समीकरणांहून कमी नाही.

आगीच्या मागे धूर असतो, आणि त्याचाही वेगळा अभ्यास आहे. चुलीत ओले लाकूड घातले की ज्वाळा दिसत नाही, पण घर धुराने कोंदते. रानातही तसेच होते. कोरडे गवत भडकून जळते तेव्हा धूर त्या मानाने कमी; ओला पाला, पाचटाचा ढीग किंवा कुजका ओंडका धुमसत राहतो तेव्हा तो फार. या धुरातील कण इतके सूक्ष्म असतात, की अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. आपला केस सुमारे ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे या कणांच्या वीस-पंचवीसपट! हिवाळ्याच्या सकाळी जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार असते. अशा वेळी शेतात पाचट पेटविले तर धूर वर चढत नाही. तो गावावर पांघरुणासारखा पसरून राहतो. तीच आग दुपारी लावली असती, तर धूर उंच जाऊन पांगला असता. पण दुपारी वणव्याची भीती अधिक! असा हा पेच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दिल्लीसाठी हवेच्या प्रदूषणाची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा उभी करण्यात पुढाकार घेतला. शेतांतील आगी उपग्रहाने कोठे पाहिल्या, त्यांचा धूर वाऱ्याबरोबर कोठे जाईल, हेही त्या गणितात धरलेले असते.

उपग्रहांनी वणव्याच्या कामात मोठीच सोय केली आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने देशभरातील जंगलांच्या आगी शोधू लागली. आरंभीच्या यंत्राचा एक ठिपका जमिनीवरील एक किलोमीटर अंतराएवढा असे. २०१७ पासून वापरात आलेल्या यंत्राचा ठिपका ३७५ मीटरांचा आहे. तप्त ठिपका दिसला की त्याचे ठिकाण संदेशाने वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीवर जाते. पुढचे अंतर मात्र त्याला पायीच तोडावे लागते, आणि तेथे पोहोचल्यावर वारा कोणीकडे आहे व पळावयाची वाट कोणती, हे त्याचे त्यालाच पाहावे लागते.

शिवाय उपग्रह एका जागेवरून दिवसातून थोड्याच वेळा जातो. सोनारीच्या परिसरातील एखादा माळ दुपारी अर्ध्या तासात पेटून विझला, तर दोन फेऱ्यांच्या मध्ये ती आग येते आणि जाते. आकाशातून ती कोणास दिसत नाही. दुसऱ्या दिवशी संशोधक तेथे येतो तेव्हा काळी जमीन, अर्धवट जळलेली बुडखी आणि एका बाजूने करपलेल्या बाभळी एवढेच शिल्लक असते. तो आपली चौकट काढतो, तराजू काढतो, पण त्याआधी जवळ मेंढरे राखीत बसलेल्या म्हाताऱ्याकडे जातो आणि विचारतो, “मामा, काल पेट घेतला तेव्हा वारा कोणीकडून होता?”